सात गोट्या आणि एक जाळी : अकरा वर्षं रिकॉर्डी चेंबर हलवल्यानंतर

द्रवात बुडालेल्या गोट्यांचा आवाज कोरड्या गोट्यांसारखा टणटणीत नसतो, जरा बसका असतो. रात्री अडीच-तीनला हूडचा पंखा आणि पंपाची घरघर सोडली तर लॅबमध्ये तेवढाच आवाज असतो. तो सुरू झाला की अकरा वर्षांनंतरही माझी पाठ आपोआप ताठ होते. आत काय चाललंय ते मला त्या आवाजावरून कळतं. सुरुवातीला गोट्या अडखळतात, कारण स्वादुपिंडाचे तुकडे अजून घट्ट असतात. मग हळूहळू त्या मोकळ्या आपटायला लागतात. तेव्हा समजायचं की ऊतक सैल पडायला लागलं.

मी लिहितेय ते रिकॉर्डी चेंबरबद्दल. दात्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके जिवंत वेगळे काढायचं हे भांडं. पाठ्यपुस्तकात त्या पुंजक्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतात, लॅबमध्ये आम्ही आयलेट म्हणतो. याबद्दल मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, नवी लॅब उभी करणारे, ज्यांना स्टीलचं घ्यावं की वापरून टाकायचं प्लास्टिकचं घ्यावं हे हवं असतं. दुसरी, घरात टाइप १ मधुमेह असलेली, ज्यांना या भांड्यातून आपल्या माणसासाठी काही निघणार आहे का हे हवं असतं. मी दोन्हीकडची आहे. माझ्या धाकट्या भावाला नवव्या वर्षी टाइप १ निघाला. मी या कामात आले ती त्याच्यामुळे, आणि प्रत्येक आयसोलेशननंतर, म्हणजे आयलेट वेगळी काढायची रात्र संपली की, सकाळी त्याचा मेसेज येतो : "ताई, किती निघाली?"

आधी वस्तू काय आहे ते सांगते. भांड्याचे दोन भाग असतात. खालचा भाग वाडग्यासारखा, वरचा उलट्या नरसाळ्यासारखा निमुळता. दोघांच्या मध्ये स्टीलची बारीक जाळी, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या भोकांची. खाली आत यायच्या नळ्या, वर बाहेर जायची नळी, एक तापमापीची जागा. आत सात गोट्या. काही लॅब पाच वापरतात, काही नऊ. आम्ही सात. स्वादुपिंडाच्या नळीतून आधी कोलॅजिनेज हे विकर (एन्झाइम) भरून ते फुगवलेलं असतं. त्याचे सात ते अकरा तुकडे करायचे, गोट्यांबरोबर खालच्या भागात टाकायचे, वरचा भाग बसवून कडेचे स्क्रू आवळायचे. मग पंप सुरू करायचा. द्रव गोल गोल फिरतो, तापमान ३७ अंशांपर्यंत चढवायचं, आणि हलवायचं. विकर तुकड्यांना धरून ठेवणारं कोलॅजेन विरघळवतं, गोट्या ते तुकडे हलक्या हाताने उकलतात, आणि जे सुटलं ते जाळीतून वर निघून जातं.

हे शेवटचं वाक्य वाचायला साधं वाटतं. पण सगळी करामत तिथेच आहे, म्हणून थोडं मागे जाते.

पॉल लँगरहॅन्सने १८६९ मध्ये बर्लिनला आपल्या प्रबंधात हे पुंजके पहिल्यांदा वर्णन केले, तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा होता आणि ते कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. स्वादुपिंडाच्या वजनात आयलेटचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. संख्येने मात्र दहा लाखांच्या आसपास. बाकी सगळा अवयव पचनाची विकरं बनवतो. म्हणजे आपल्याला हवी असलेली नाजूक वस्तू अशा घरात राहते, जिथल्या भिंतींत तिलाच पचवून टाकणारा रस भरलेला आहे. भिंत फोडली की तो रस सुटतो.

लहान प्राण्यांमध्ये हे काम आधी जमलं. मोस्कालेव्स्कीने १९६५ मध्ये गिनीपिगवर कोलॅजिनेज वापरलं. १९६७ मध्ये सेंट लुइसला वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल लेसी आणि कोस्तियानोव्स्की यांनी उंदराचं स्वादुपिंड आधी नळीतून द्रव भरून फुगवलं, मग कातरलं, मग विकरात टाकलं. पाच वर्षांनी बॅलिंजर आणि लेसी यांनी अशी आयलेट मधुमेही उंदरांत घालून त्यांचा मधुमेह सुधारून दाखवला. त्या बातमीने मधुमेहींच्या घरांत किती आशा लागली असेल, हे मी आमच्या घरावरून सांगू शकते. पण माणसाचं स्वादुपिंड उंदरापेक्षा फार चिवट, तंतूंनी भरलेलं. ते कातरून, हलवून, गाळून, खवणीसारख्या यंत्रातून काढूनही आयलेट मोजकीच हाती यायची.

अडचण वेळेची होती. एका भांड्यात सगळं ऊतक आणि सगळं विकर एकत्र ठेवलं, तर पहिल्या पाच मिनिटांत सुटलेलं आयलेट आणि विसाव्या मिनिटाला सुटणारं आयलेट एकाच भांड्यात राहतात. लवकर थांबवलं तर निम्मी अडकलेली राहतात. उशिरा थांबवलं तर आधी सुटलेली चिंधड्या होऊन जातात. तुम्ही कधीही थांबवा, कोणाचा ना कोणाचा बळी जाणारच. लोक नेमका क्षण शोधत बसले होते, आणि असा एक नेमका क्षण अस्तित्वातच नव्हता.

ऐंशीच्या दशकात मिलान विद्यापीठातून डॉक्टर झालेला कामिल्लो रिकॉर्डी हा तरुण लेसींकडे सेंट लुइसला आला. त्याने क्षण शोधणं सोडलं आणि प्रश्नच बदलला : सगळ्यांसाठी एकच वेळ कशाला? जे सुटेल ते लगेच विकरापासून दूर नेता आलं तर? हलतं भांडं, वाहता द्रव, मध्ये जाळी. सुटलेलं आयलेट प्रवाहाबरोबर जाळीतून पार होऊन बाहेर, न सुटलेले तुकडे आत. १९८८ मध्ये रिकॉर्डी, लेसी, फिंके, ओलॅक आणि शार्प यांनी हे 'डायबेटिस' या नियतकालिकात छापलं. मी तो निबंध नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वाचला आणि अजून दरवर्षी एकदा वाचते.

त्या निबंधात त्यांनी आपल्या पद्धतीसाठी चार अटी घातल्या आहेत. आयलेटला कमीत कमी इजा. सुटत जाणारी आयलेट विकराच्या पुढच्या माऱ्यातून वाचवता येतील असं सलग पचन. माणसाचा कमीत कमी हस्तक्षेप. आणि भरपूर, शुद्ध आयलेट. वस्तूची पारख तिच्या कर्त्याने घातलेल्या अटींवरच करावी असं मला वाटतं, म्हणून मीही त्याच लावते.

दुसरी अट पुष्कळ अंशी पुरी होते, आणि तेवढ्यासाठीच हे भांडं मला गेल्या चाळीस वर्षांतल्या सुंदर वस्तूंपैकी एक वाटतं. चौथीबद्दल आकडा देते : त्या निबंधात सरासरी १,६४,६०० आयलेट मिळाली, शुद्धता ७८.५ टक्के. आज चांगल्या दिवशी आम्ही याच भांड्यातून चार लाखांपुढे जातो. यात विकर सुधारलं, अवयव आणायच्या पद्धती सुधारल्या, शुद्धीकरण सुधारलं. भांड्याची मूळ कल्पना मात्र तीच राहिली. एखाद्या वस्तूच्या भोवतालचं सगळं बदलावं आणि तिला हात लावायची गरज पडू नये, असं फार थोड्या वस्तूंच्या नशिबी येतं.

तिसरी अट. माणसाचा कमीत कमी हस्तक्षेप. निबंधाच्या नावातच 'स्वयंचलित' हा शब्द आहे. इथे मला थोडं थांबून सांगायचंय, कारण नवी लॅब उभी करणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. भांडं आणलं की काम आपोआप होईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही.

एक रात्र सांगते म्हणजे कळेल. अवयव बर्फात येतो. दात्याच्या शरीराबाहेर पडल्यापासूनचे तास मोजलेले असतात, आणि ते वाढत गेले की हाती येणाऱ्या आयलेटचा आकडा घसरत जातो. आमच्या लॅबच्या मॅडम चरबी आणि आवरण साफ करतात, ते करताना वरचा पापुद्रा फाटता कामा नये, फाटला तर विकर आत न राहता गळून जातं. नळीत कॅन्युला, म्हणजे बारीक पोकळ नळी, बसवून दाब लावतात, आधी पाऱ्याचे साठ-ऐंशी मिलिमीटर, मग दुप्पट. स्वादुपिंड पानासारखं चपटं असतं ते फुगून काचेसारखं दिसायला लागतं. ज्या भागात फुगत नाही तिथे विकर पोचलेलं नसतं, आणि तो भाग पुढे चेंबरमध्ये कितीही हलवला तरी सुटत नाही. म्हणजे निम्मा निकाल चेंबरचं झाकण लागायच्या आधीच ठरलेला असतो.

मग झाकण, पंप, उष्णता. आता माझं काम. मी हलवते. यंत्राने हलवणारी साधनं आहेत, आम्ही ती वापरून पाहिली आणि पुन्हा हातावर आलो. कारण माझ्या हाताला गोट्यांखालचा तुकडा अजून कडक आहे की मऊ, ते कळतं, आणि त्याप्रमाणे मी जोर कमी-जास्त करते. तरुण दात्याचं स्वादुपिंड असलं तर जास्त जपावं लागतं. तिथली आयलेट बाजूच्या पेशींत रुतून बसलेली असतात आणि त्या पेशींसकट बाहेर येतात, त्यांना धसमुसळेपणाने सोडवायला गेलं तर ती फुटतात.

दर मिनिट-दोन मिनिटांनी सहकारी बाहेरच्या नळीतून थेंबभर नमुना घेते, त्यात डायथायझोन टाकते. आयलेटमध्ये जस्त असतं, डायथायझोन त्याला चिकटतं आणि आयलेट लाल होतं. बाकी ऊतक पिवळट-करडं. मायक्रोस्कोपखाली आधी नुसता गाळ दिसतो. मग कुठेतरी एक लाल ठिपका, कडेला पिवळा कचरा लागलेला. मग दोन. मग अशी एक वेळ येते की लाल ठिपके सुटे, गोल, स्वच्छ कडेचे दिसायला लागतात. त्या क्षणी 'स्विच' म्हणायचं. उष्णता बंद, थंड द्रव सुरू, फिरता प्रवाह तोडून सगळं बाहेर गोळा करायला लागायचं. गोळा होणाऱ्या बाटल्यांत अल्ब्युमिन असतं, ते उरलेल्या विकराचा जोर मोडतं.

स्विच कधी म्हणायचं हे कुठलंही पुस्तक सांगत नाही. पुस्तकात निकष आहेत : किती आयलेट, किती टक्के सुटी, ऊतक किती. पण दोन अनुभवी माणसं त्याच नमुन्याकडे बघून दोन-तीन मिनिटांच्या फरकाने स्विच म्हणतील. रिकॉर्डींनी एका क्षणावरचं अवलंबन पुष्कळ कमी केलं, पण ते शून्यावर आलेलं नाही. म्हणून तिसऱ्या अटीत मी या भांड्याला अर्धेच गुण देते. आणि हेही सांगते की मला ते अर्धे गुण खटकत नाहीत. ज्याला लॅब उभी करायची आहे त्याने मात्र हे आधीच समजून घ्यावं : भांड्याबरोबर दोन माणसं तयार करायला एक-दोन वर्षं लागतात, आणि त्या काळात माणसासाठी द्यायच्या अवयवाला हात लावू नये. संशोधनासाठी दिलेल्या अवयवांवर शिकावं.

मी हे अधिकाराने सांगते कारण माझ्या हातून एक वाया गेलं आहे. कामाला लागून वर्ष झालं होतं. झाकणाचे स्क्रू मी एका बाजूने ओळीने आवळत गेले. समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे असतात, हे मला शिकवलेलं होतं. घाईत मी ते केलं नाही. कड एका जागी उचललेली राहिली आणि पंप सुरू झाल्यावर तिथून कोमट द्रव ठिबकायला लागला. थांबवून, उघडून, पुन्हा बसवून सुरू करेपर्यंत तापमान खाली आलं होतं, विकर पातळ झालं होतं, आणि शेवटी मोजणीत जो आकडा आला तो रुग्णाच्या वजनाला पुरणारा नव्हता. किमान मर्यादा किलोमागे पाच हजार आयलेट-तुल्य (ठरावीक मापात मोजलेली आयलेट) अशी धरतात. आम्ही त्याच्या खाली राहिलो. रुग्ण भरती झालेला होता. त्याला परत पाठवावं लागलं.

ज्या घराने आपलं माणूस गेलेल्या रात्री सही केली, त्यांना हे कोणी कळवत नाही. मला मात्र त्यांची आठवण प्रत्येक वेळी स्क्रू आवळताना येते. आता मी समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळते, आणि अवयव टाकायच्या आधी नुसत्या द्रवावर दोन मिनिटं पंप चालवून कडेला कोरडा कागद फिरवते. नव्या मुलींना हे मी पहिल्या दिवशी शिकवते.

स्टील की प्लास्टिक, या प्रश्नाचं माझं उत्तर स्टील. वजन हाताला नीट लागतं, उष्णता सगळीकडे सारखी पसरते, आणि आत गोट्या कशा फिरताहेत ते जास्त स्पष्ट ऐकू येतं. तोटा धुण्याचा. जाळीत अडकलेले तंतू एकेक करून काढावे लागतात, निर्जंतुकीकरणाची नोंद ठेवावी लागते, आणि प्रत्यारोपणाचे नियम कडक असतील तिथे ती कागदपत्रं हातभर होतात. प्लास्टिकच्या पारदर्शक भांड्यात आत दिसतं, शिकवायला ते उत्तम, आणि एकदा वापरून टाकायचं असल्यामुळे संसर्गाची चिंता कमी. वर्षाला थोडीच आयसोलेशन होणार असतील तर प्लास्टिक घ्या. जाळी कोणतीही घेतलीत तरी जास्तीच्या जाळ्या आणि कडेच्या रबरी कड्या घेऊन ठेवा. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

या भांड्याच्या हातात नसलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात, नाहीतर दोष भलतीकडे जातो. विकर हा सगळ्यात मोठा लहरी माणूस आहे. कोलॅजिनेज एका जिवाणूपासून मिळतं, आणि प्रत्येक खेपेचा माल वेगळा वागतो. २००७ मध्ये तर जगभर वापरात असलेलं एक विकर मानवी कामासाठी बाजूला ठेवावं लागलं, कारण ते बनवताना गुरांच्या मेंदूपासूनचा घटक वापरला जात होता हे पुढे आलं, आणि कित्येक लॅबना नवं विकर पुन्हा पहिल्यापासून जमवून घ्यावं लागलं. भांडं तेच, हात तेच, आणि आकडे कोसळलेले. शुद्धीकरण हेही वेगळं प्रकरण आहे. त्यासाठी रक्तपेढीतल्या पेशी धुवायचं कोब २९९१ हे यंत्र वापरत आले आहेत. आयलेट हलकी, पचनाच्या पेशी जड, त्यामुळे घनतेच्या थरांत फिरवलं की वेगळ्या होतात. ते मी इथेच सोडते.

आता दुसऱ्या प्रकारच्या वाचकांकडे वळते. या भांड्यातून निघालेलं पुढे कुठे पोचलं?

रिकॉर्डी स्वतः पुढे पिट्सबर्गला, यकृत-प्रत्यारोपणाचे अग्रणी थॉमस स्टार्झल यांच्या विभागात गेले. १९९० मध्ये तिथे त्झाकिस, रिकॉर्डी आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना यकृताबरोबर आयलेट दिली, ज्यांचं यकृत आणि स्वादुपिंड दोन्ही शस्त्रक्रियेत काढावं लागलं होतं. त्यांतले काही रुग्ण इन्सुलिनशिवाय राहिले. त्याच वर्षी सेंट लुइसच्या गटाने टाइप १ असलेल्या रुग्णात काही काळ इन्सुलिन बंद झाल्याचं दाखवलं. १९९३ मध्ये रिकॉर्डी मायामी विद्यापीठाच्या डायबेटिस रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि पुढे त्या संस्थेचे संचालक झाले. मला त्यांच्या कारकिर्दीतली जी गोष्ट सगळ्यात आवडते ती ही की त्यांनी एका भांड्यावर समाधान मानलं नाही. मोजायचं कसं हेही ठरवलं. आयलेट लहानमोठी असतात, म्हणून १५० मायक्रॉन व्यासाचं एक आयलेट हे माप धरून सगळी त्यात मोजायची, ही १९९० ची एकवाक्यता. ती नसती तर एका लॅबचे चार लाख आणि दुसऱ्या लॅबचे चार लाख यांत तुलनाच झाली नसती. भावाला मी जो आकडा पाठवते तो याच मापातला.

मग २००० साल. कॅनडातल्या एडमंटनला जेम्स शॅपिरो आणि सहकाऱ्यांनी स्टेरॉइड वगळून नवी औषधं वापरली आणि प्रत्येक रुग्णाला एकाहून जास्त दात्यांची आयलेट दिली. सातच्या सात रुग्ण इन्सुलिनवरून सुटले. ती बातमी आली तेव्हा माझा भाऊ नुकताच इंजेक्शन स्वतः टोचायला शिकला होता. बाबांनी ते कात्रण कपाटात ठेवलं, ते अजून आहे.

पण घरच्या लोकांना मी २००६ चे आकडेही सांगते. तीच पद्धत नऊ केंद्रांत ३६ जणांवर केली, तेव्हा वर्षभराने १६ जण इन्सुलिनविना होते. दोन वर्षांनी त्या सोळातले पाच. केंद्रागणिक फरक मोठा होता, आणि मला विचाराल तर त्यात हातांचा फरक पुष्कळ होता. तिसरी अट पुन्हा आठवा.

आशा मात्र इन्सुलिन सुटण्यापुरती मोजू नये, हे मला रुग्णांनी शिकवलं. २०१६ मध्ये बर्नहार्ड हेरिंग आणि सहकाऱ्यांनी ४८ जणांचा अभ्यास छापला. सगळे असे, ज्यांची साखर न कळत इतकी खाली जायची की दुसऱ्याने वाचवावं लागायचं. वर्षअखेरीस ८७.५ टक्के लोकांना तीव्र हायपो, म्हणजे साखर अशी धोकादायक खाली जाणं, झाला नव्हता आणि एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) सात टक्क्यांच्या खाली होतं. त्या ४८ जणांतल्या निम्म्यांहून थोड्या जास्त लोकांचं इन्सुलिन पूर्ण सुटलं होतं. बाकीचे थोडं इन्सुलिन घेत होते, पण रात्री निर्धास्त झोपत होते. ज्याच्या घरात रात्री दोनला उठून कोणाचा तरी हात घामाने ओला झाला नाही ना हे चाचपलंय, त्यालाच त्या वाक्याची किंमत कळेल. आईने ते सहा वर्षं केलं.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने दात्याच्या आयलेटपासूनच्या लँटिड्रा या उपचाराला मान्यता दिली. त्यामागच्या अभ्यासांत ३० जण होते. २१ जणांना वर्ष किंवा जास्त काळ इन्सुलिन लागलं नाही, त्यातल्या दहा जणांना पाच वर्षांहून जास्त. पाच जणांना मात्र एक दिवसही इन्सुलिन सोडता आलं नाही. हे दोन्ही आकडे एकत्र सांगावेत.

आणि एक उपयोग आहे ज्याबद्दल फार कमी बोललं जातं, पण मला हे भांडं तिथे सगळ्यात समाधान देतं. जुनाट स्वादुपिंडदाहाच्या असह्य वेदनांमुळे ज्यांचं स्वादुपिंड काढावं लागतं, त्यांचीच आयलेट काढून त्यांच्याच यकृतात परत सोडायची. मिनेसोटात १९७७ पासून हे होत आलं आहे. आपलीच आयलेट, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबायची औषधं नकोत. शस्त्रक्रिया एका मजल्यावर चालू असते, आम्ही दुसऱ्या मजल्यावर हलवत असतो, आणि काही तासांनी पिशवी परत जाते. दाहाने घट्ट झालेलं ते स्वादुपिंड चेंबरमध्ये फार त्रास देतं, गोट्या बराच वेळ अडखळतच राहतात. पण तिथे मी कधी कंटाळून स्विच म्हटलेलं नाही.

दात्यांची कमतरता हे भांडं दूर करू शकत नाही. ते काम आता मूलपेशींपासून बनवलेली आयलेट करू बघत आहेत. २०२५ मध्ये छापलेल्या निकालांत पूर्ण मात्रा मिळालेल्या बाराजणांपैकी दहा जण वर्षअखेर इन्सुलिनशिवाय होते. ती आयलेट कुठल्याच स्वादुपिंडातून काढलेली नसतात, त्यांना ना जाळी लागते ना गोट्या. नव्या मुली मला विचारतात की मग आपलं हे शिकून काय उपयोग. मी त्यांना सांगते की मूलपेशींचं आयलेट चांगलं की वाईट हे ज्याच्याशी ताडून बघतात, ते माणसाचं आयलेट याच भांड्यातून येतं.

मागच्या महिन्यात भाऊ भेटायला आला होता. धुऊन ठेवलेलं चेंबर मी त्याच्या हातात दिलं. त्याने ते कोरडंच हलवून पाहिलं, गोट्या टणटण वाजल्या. मग त्याने विचारलं, जे तो इतकी वर्षं विचारत नव्हता : "माझं नाव घालू का गं यादीत?"

मी नाही म्हणाले. त्याला साखर उतरल्याचं अजून स्वतःला कळतं, त्याचा साखर मोजणारा सेन्सर आणि इन्सुलिनचा पंप नीट चालतात, तीव्र हायपो होऊन वर्षं झाली. आयलेट घेतली तर प्रतिकारशक्ती दाबायची औषधं कायमची, त्यांचा मूत्रपिंडावर भार, संसर्गाची भीती. त्याच्यासाठी तो सौदा आज योग्य नाही, आणि दात्याची आयलेट इतकी थोडी असताना ती ज्याला रात्र काढणं मुश्किल आहे त्याला जावीत. हे सगळं मी त्याला सरळ सांगितलं. तो थोडा वेळ चेंबर हातात धरून बसला आणि मग त्याने ते जपून टेबलावर ठेवलं.

परवा पुन्हा रात्र झाली. सकाळी सातला मी हातमोजे काढले तर मेसेज आलेला होता.

"ताई, किती निघाली?"

"चार लाख दहा हजार."

"पुरली का तिला?"

त्याला ती कोण हे माहीत नाही, मलाही नाव सांगता येत नाही. फक्त बाई आहे आणि बेशुद्ध होऊन दोनदा पडली आहे, एवढं मी त्याला बोलले होते.

"पुरली," मी लिहिलं. "उद्या देताहेत."